गोलमागचा आवाज

गोलकीपरचं नशीबच मेलं वेगळं. बाकीच्या पोरी एकत्र पळतात, एकत्र बोलणी खातात. कीपर दोघी मात्र मैदानाच्या टोकाला, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. एकीने मारायचं, दुसरीने अडवायचं, मग उलट. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात या दोघी म्हणजे ताई आणि डिंकी. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून प्रशिक्षक मॅडमसुद्धा तिला ताईच म्हणायच्या. डिंकीच्या हाताला चेंडू डिंक लावल्यासारखा चिकटायचा, म्हणून ती डिंकी. सामन्यात गोलमध्ये उभी राहायची ताई. डिंकी राखीव. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि डिंकीला ती जागा हवी होती. अगदी जीव जाईल इतकी हवी होती, त्यात लपवायचं काय?

पण हवी म्हणजे अशी नव्हे. गेल्या आठवड्यात सरावात डिंकीने जवळून मारलेला चेंडू थेट ताईच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा लालभडक झाला. संघाच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले, दिसण्यात जरा जरी फरक पडला तरी लगेच सांग म्हणून बजावलं. लाली उतरली आणि सगळे विसरले. दिवे लावून सराव सुरू झाला तेव्हा मात्र डावीकडून येणारा चेंडू ताईला उशिरा दिसायला लागला. हे कळलं एकट्या डिंकीला, कारण दिवसभर तिला चेंडू मारणारी तीच.

ताईने तिला शपथच घातली. पुढच्या वर्षी वय उलटतंय, ही स्पर्धा गेली की या संघातलं सगळंच संपलं, तेव्हा तोंडाला कुलूप लाव म्हणाली. मग दोघींनी एक युक्ती काढली. डिंकीने चेंडू गोळा करायच्या निमित्ताने गोलमागे बसायचं आणि चेंडू त्या बाजूने आला की ओरडायचं, “डावी!” ताई झेपावायची. राखीव असून केवढा जीव लावते ही पोरगी, म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर डिंकीचं कौतुक केलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगावं तर कोणत्या तोंडाने? चेंडू मारला हिनेच, आणि आता चुगली करून जागा घेणारही हीच! लोक काय म्हणतील ते तिला पाठ झालं होतं. एकदा ती मॅडमच्या दारापर्यंत गेली, दार वाजवलं आणि बोटाला बांधायची पट्टी मागून परत आली.

शेवटच्या सराव सामन्याच्या संध्याकाळी ताई बाकावर बसून हातमोजे चढवत होती. चढवता चढवता सहज म्हणाली, “आज डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळा पडदा ओढल्यासारखं दिसतंय गं. घाम गेला असेल.”

डिंकीची मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. पडदा दिसतोय म्हणणाऱ्या माणसाला आम्ही घरी कपडे आणायलाही सोडत नाही, उशीर झाला की डोळाच जातो, असं ती जेवताना सांगायची, आणि सगळे तिला म्हणायचे, बाई, जेवताना तरी नको. डिंकीने ताईचं मनगट धरलं आणि मावशीचं बोलणं घडाघडा सांगून टाकलं. ताईने हात सोडवून घेतला. स्पर्धा झाली की भेटू तुझ्या मावशीला, तू फक्त ओरड, असं म्हणून ती मैदानावर गेलीसुद्धा.

सामना सुरू झाला. डिंकी गोलमागे बसली, पण बसवेना. धावत जाऊन सांगावं तर पाय उठेनात, गप्प बसावं तर जीव टांगणीला. एखादा चेंडू पुन्हा त्याच डोळ्यावर बसला तर? आणि सांगितलं तर ताई जन्मात बोलेल का? तिचं तिलाच कळेना, आपण कशाला जास्त घाबरतोय.

तेवढ्यात डाव्या बाजूने एक पोरगी चेंडू घेऊन सुटली. डिंकीने तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आला. तिने तो तिथेच गिळला आणि हातमोजा दातांत धरला.

ताई हललीसुद्धा नाही. चेंडू तिच्या अंगावरून जाळ्यात गेला, तो गेल्यावर तिने मान वळवली, आणि चेंडूकडे न बघता मागे डिंकीकडे बघितलं. बघणं कसलं, नुसती आग.

मॅडमनी शिट्टी मारली आणि ताईवर तोंड सोडलं. झोप लागली होती का, इतकं सरळ येणारं दिसत नाही का? आता मात्र डिंकी उठली आणि जाळ्याला वळसा घालून आत आली.

“नाही दिसत तिला,” ती म्हणाली. “चेंडू लागला तेव्हापासून डावीकडचं दिसत नाहीये. आज पडदा आलाय.”

डॉक्टर उठून पळतच आले. ताईने हातमोजे काढून डिंकीच्या पायाशी टाकले.

“जागा पाहिजे होती ना तुला? घे.”

“पाहिजेच होती,” डिंकी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “खोटं कशाला बोलू. पण तुझा डोळा पण पाहिजे मला.”

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी गाडी थेट मैदानात बोलावली. मॅडमनी डिंकीच्या खांद्यावर हात ठेवला, पण शाबासकी दिली नाही. इतके दिवस का गप्प होतीस, एवढंच विचारलं. मग त्यांनी तिला गोलमध्ये उभं राहायला सांगितलं. स्पर्धा काही थांबणार नव्हती.

डिंकी उभी राहिली, सामना पुन्हा सुरू झाला. ज्या जागेसाठी एवढी वर्षं घाम गाळला, ती जागा हीच का, असं तिला झालं. डोळ्यांत पाणी, समोर दिव्यांचा लखलखाट, चेंडू कुठे आहे तेच दिसेना. पाठीमागे गोलमागून गाडी सावकाश फाटकाकडे निघाली होती.

“डावी!”

डिंकीचं अंग आपोआप झेपावलं. चेंडू छातीशी येऊन चिकटला. ती मातीत पडल्या पडल्या वळली. गाडीची काच खाली होती, ताईचा एक डोळा पट्टीखाली होता आणि उघड्या डोळ्याने ती बघत होती.

“रडत काय उभी राहतेस गाढवे, चेंडू बघ,” ताई म्हणाली आणि काच वर केली. गाडी फाटकातून बाहेर पडली.