सात बटणांचा कोट आणि मी

मला दोन लाकडी दारे आहेत आणि चार पाय आहेत. माझ्या डोक्यावर दोऱ्याच्या रिळांचा डबा आणि एक मोडकी फूटपट्टी असते, म्हणून नवीन गिऱ्हाइके मला कपाट समजतात. मित्रांनो, मी कपाट नाही. मी काळ्या-पांढऱ्या चित्राचा एक जुना टीव्ही आहे, आणि एके काळी बेंगळूरच्या पेटेतली, म्हणजे जुन्या पेठेतली, सगळी शिंपी गल्ली माझ्यासमोर मांडी घालून बसत असे. आज तुम्हाला माझी थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागणार आहे. ती मी उगाच मारत नाही, हे पुढे तुमच्याही लक्षात येईल.

माझा जन्म याच शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी बारीक डाख देऊन माझ्या तारा जोडल्या आणि एका म्हाताऱ्या सुताराने मला सरकती दारे बसवली. १९८४ साली रघुजी शिंप्यांनी मला रिक्षातून घरी आणले. मी त्यांच्या मांडीवर होतो आणि माझे पाय शेजारी पिशवीत होते. दुकान पुढे, घर मागे, अशी त्यांची जागा. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तंबू आणि अंगरखे शिवत इकडे आले, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगत. घरात मराठी बोलत, पण चार शब्दांमागे एक कन्नड आल्याशिवाय त्यांचे वाक्य पुरे होत नसे.

घरात बायको आणि मुलगी यांच्याखेरीज त्यांची मोठी बहीण सकवारबाई होती. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी परतली होती. रघुजी कोट शिवत आणि ती त्यांची काजे करी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे. तिच्यासारखे काज पेटेत कोणाच्या हातून उतरत नसे, हे मी स्वतः पाहिले आहे. ती माझ्यासमोर चटईवर बसे, एक डोळा माझ्यावर आणि एक डोळा सुईवर ठेवी, आणि तरी टाका कधी चुकत नसे.

माझ्यात मात्र एक खोड होती. आतली एक तार सैल असल्यामुळे चित्र लगेच येई, पण आवाज लहर लागली तरच. मग माझ्या डाव्या कुशीत एक थाप मारावी लागे. तो अधिकार फक्त रघुजींचा होता. त्यांच्या हाताचा मला राग येत नसे.

वर्षातून एकदा माझा मोठा मान होई. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या लोकांच्या आयुधपूजेला, शिवणयंत्रे, कात्र्या आणि इस्त्री धुऊनपुसून मांडत, त्यांना हळदकुंकू वाहत आणि दाराशी कुंकू भरलेला कोहळा फोडत. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. रघुजी मलाही त्या रांगेत बसवत. "ह्याच्याकडे बघत बघत अक्का काजं करते, म्हणजे हेही हत्यारच की," असे त्यांचे म्हणणे. मी फुलांची माळ घालून ऐटीत बसत असे. याच मानापायी एक दिवस सगळे अडणार आहे, हे मला काय ठाऊक!

१९९४ साली पावसाळा सरता सरता मोजणीवाले आले आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर लाल रंगाने आकडा घालून गेले. एक ते एक्केचाळीस. गल्ली पाडून तिथून मोठा रस्ता न्यायचा बेत होता. पहिला आकडा कॉफी दळणाऱ्या हयवदनांच्या दारावर, शेवटचा आमच्या. गल्लीतल्या माणसांचे जेवणखाणावरून लक्ष उडाले.

रघुजी तेवढे निर्धास्त होते. "साहेब आपला माणूस आहे," असे ते सगळ्यांना सांगत. साहेब म्हणजे आमच्या भागाचे मंत्री. त्यांचे बंदगळ्याचे कोट रघुजी शिवत. माप घ्यायला ते बंगल्यावर जात आणि कोट पोचवायलाही तेच जात. साहेबांचे पोट जरा पुढे असल्यामुळे पाच बटणांचा कोट मध्येच फाकायचा. त्यावर अक्काने युक्ती काढली आणि पाचाच्या जागी सात काजे केली. सात बटणांचा बंदगळा सगळ्या बेंगळुरात एकच होता, आणि तो आमच्या घरचा होता.

मग कळले की साहेबांची टीव्हीवर मुलाखत आहे आणि रस्त्याचा निकाल ते तिथेच सांगणार आहेत. दिवस नेमका खंडेनवमीचा! संध्याकाळी सगळी गल्ली दुकानात जमली आणि मी माळ घालून, कुंकू लावून, दारे मिटून रांगेत बसलेला.

"अण्णा, लावा की," हयवदन म्हणाले. ते मूळचे कन्नड, पण याच गल्लीत वाढल्यामुळे मराठी त्यांना घरच्यासारखी येई.

"आज कसा लावू? पूजेत आहे तो. तुमच्याकडे लावा."

हयवदनांनी डोके खाजवले. "गेल्या वर्षी तुमचं बघून ह्या वर्षी मीही माझा पूजेत मांडला. आई हात लावू देत नाही."

चौकशी केली तेव्हा समजले की गल्लीतला तिसरा टीव्हीही हार घालून बसला आहे. रघुजींचे पाहून सगळ्यांनी तेच केले होते. ज्या एका संध्याकाळी आमची गरज होती, त्याच संध्याकाळी आम्ही तिघेही देव होऊन बसलो होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात अक्का उठली. तिने ताटातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या.

"अक्का, बेडा! नको!" रघुजी ओरडले. "नवमीला हत्यार उठवायचं नसतं. बाबांनी कधी उठवलं नाही."

"बाबांच्या दारावर लाल आकडा नव्हता," अक्का म्हणाली. "पूजा उतरवायला काय लागतं रघू? अक्षता टाकायच्या आणि वीतभर सरकवायचं. सुया-कात्र्या राहू देत निजलेल्या. ह्याला तेवढं मी उठवते."

तिने माझ्यावर अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी मला वीतभर पुढे ओढले. मग माझी दारे उघडली.

चित्र आले. आवाज आला नाही. पडद्यावर साहेब खुर्चीत बसून हात हलवत बोलत होते आणि अंगावर कोट होता.

"आपला कोट!" रघुजींची मुलगी अहल्या किंचाळली. ती तेव्हा कॉलेजात होती. "सात बटणं! मोजा, मोजा!"

सगळ्यांनी मोजली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रघुजींची छाती अशी फुगली की त्यांचाच सदरा तंग झाला. अक्काने पदराने माझी काच पुसली. मलाही धन्य वाटले. मग रघुजींनी माझ्या डाव्या कुशीत थाप मारली आणि मला कंठ फुटला.

साहेब कन्नडमध्ये बोलत होते. मी तुम्हाला मराठीत सांगतो. ते म्हणाले, "त्या गल्लीचं काय घेऊन बसलात? चार पडकी गोदामं आहेत तिथे. मी स्वतः बघून आलोय. कोणीसुद्धा राहत नाही."

टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच खाली आले. रघुजी स्टुलावर बसले. साहेब गल्लीत कधीच आले नव्हते. गेल्या दहा वर्षांत त्यांची मापे बंगल्यावरच घेतली होती. लोक हळूहळू उठून गेले. मित्रांनो, त्या क्षणी मला दारे मिटून घ्यावीशी वाटली. ते शब्द माझ्या तोंडून निघाले होते. पलीकडचे इकडे आणणे एवढेच मला येते. इकडचे पलीकडे नेणे मला कधी शिकवलेच नाही.

ते काम अक्काने केले. दसऱ्याच्या सकाळी तिने अहल्येला पोस्टकार्ड घेऊन बसवले. प्रेक्षकांची पत्रे वाचून दाखवणारा एक कार्यक्रम दर आठवड्याला माझ्यावर लागे.

"पत्र बेडा, अक्का," रघुजी म्हणाले. "साहेब रागावतील."

"रागावू देत. राहतच नाही म्हणे मी! मग रागावणार कुणावर?" अक्का म्हणाली आणि सांगू लागली. अहल्येने ते कन्नडमध्ये लिहिले.

"मंत्रीसाहेबांना नमस्कार. मुलाखतीत तुम्ही घातलेल्या कोटाला सात बटणं होती. बंदगळ्याला पाच असतात. ही सात काजं मी केली, तुमच्या म्हणण्याप्रमाणे जिथं कोणी राहत नाही त्या गल्लीत बसून. मग तुमचा कोट कोणी शिवला, एवढं कळवावं. सकवारबाई, शिंपी गल्ली. घराचा नंबर एक्केचाळीस, लाल रंगात."

पुढच्या आठवड्यात निवेदिकेने ते पत्र वाचले. वाचता वाचता तिला हसू आवरेना. आणि त्यांनी काय करावे? मुलाखतीचा तुकडा पुन्हा दाखवला! त्या संध्याकाळी घराघरांतून लोक साहेबांची बटणे मोजत होते. दुसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर, हॉटेलात, भाजीच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. पुढच्या कार्यक्रमात तर पत्रांचा ढीगच पडला. आनेकलच्या एका बाईने लिहिले होते, "आम्हीही मोजली. सातच आहेत. आता साहेबांनी घरं मोजावीत." अक्का ते ऐकून इतकी हसली की सुई बोटात टोचली.

आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. साहेब पायी आत आले. तोच कोट, पण मधले एक बटण नव्हते. ते खरेच तुटले होते की यायला निमित्त हवे म्हणून तोडले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. रघुजींना काय करू नि काय नको असे झाले.

"बटण तुटलंय," साहेब एवढेच म्हणाले.

"सरी, बरं, लावून देते," अक्का म्हणाली. "कोट काढायला नको. हा दोरा तेवढा दातात धरा. अंगावरचं शिवताना तोंड मोकळं ठेवत नाहीत."

हा रिवाज साहेबांच्या घरीही असणार. त्यांनी मुकाट्याने दोरा दातांत धरला. अर्धा तास टीव्हीवर बोललेला माणूस माझ्या पुढ्यात ओठ मिटून उभा राहिला.

अक्काने सुई घातली. "एक नंबर. हयवदन. कॉफी दळतात. आईला धरून सहा माणसं." तिने एक टाका घातला. "दोन नंबर. दोघी बहिणी, झबली शिवतात." दुसरा टाका. दारात गल्ली गोळा झाली होती आणि ज्याचे नाव येई तो पुढे होऊन हात जोडत होता. साहेब प्रत्येकाकडे बघून मान हलवत होते, कारण दुसरे काही करता येत नव्हते. अक्काने एकही घर गाळले नाही. ज्या बाईने कधी परक्या माणसापुढे तोंड उघडले नव्हते, ती त्या सकाळी वीस मिनिटे बोलली.

"एक्केचाळीस नंबर. रघुजी शिंपी. नवरा-बायको, मुलगी आणि मी. आणि हा टीव्ही. ह्यानंच आम्हाला सांगितलं, की आम्ही इथं राहत नाही." शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला.

साहेबांनी तोंडातला दोरा काढला. ओढून पाहिले, बटण जागचे हलले नाही. "अक्का," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे आता तुटायचं नाही."

"कसं तुटेल? एक्केचाळीस घरं आहेत त्याच्यात."

दोन महिन्यांनी नवा नकाशा आला. रस्ता झाला, पण गल्लीला वळसा घालून. लाल आकड्यांवर लोकांनी चुना फासला. आमच्या दारावरचा आकडा मात्र अक्काने पुसू दिला नाही.

आता १९९९ साल सरत आले आहे. अहल्या नोकरीला लागली आणि घरात रंगीत टीव्ही आला. माझे चित्र तर त्याआधीच विझले होते. भंगारवाला दारात आला तेव्हा अक्का फूटपट्टी घेऊन उभी राहिली आणि त्यानंतर तो फिरकला नाही. थोडे दिवस मला वाईट वाटले, नाही असे नाही. धूळ साचली की कोणालाही वाटते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात असेल, तर कधीतरी फडके फिरवा. आणि नव्या टीव्हीवर कोणी तुमच्याबद्दल खोटे बोलले, तर नुसते काचेकडे बघत बसू नका. एक पोस्टकार्ड घ्या.

खंडेनवमीला अजूनही मला रांगेत बसवतात. संध्याकाळ झाली की अक्का अक्षता टाकते आणि मला वीतभर पुढे सरकवते. मी आता काही दाखवू शकत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण मला मागे सारायचा धीर कोणाला होत नाही. अशी वर्षाला एक वीत करत मी भिंतीपासून दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन पोचलो आहे. आयुष्यभर मी गल्लीला जग दाखवले. आता दारे उघडी असली की माझ्या काचेत सगळी गल्लीच दिसते. हयवदनांचे जाते फिरते, झबली वाळतात, मुले शाळेला पळतात. मी रोज सकाळी दारे मोजतो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.