ड्वार्फच्या हातातला दोर

दगडोबानं फासा उचलून उन्हाकडे धरला. निळ्या काचेसारखा, बोराएवढा, आणि त्याला तोंडं वीस.

"बराबर एक इसा," तो म्हणाला. मेंढरं तो अजून विसांवरच मोजायचा. "हिसाबाचं हाय की तुहं खेळणं, पोरी."

"खेळणं नाही हो आजोबा. यात आपण दुसरंच कुणीतरी व्हायचं असतं."

राजनंदिनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आजोळी आली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींकडून शिकलेला हा खेळ तिनं सोबत आणला होता. लिंबाखाली चादर अंथरून तिनं वहीत डोंगर काढले, नद्या सोडल्या, मधे एक काळं रान वाढवलं. खेळायला निदान दोघं हवे होते. एक तिचे आजोबा तातेराव, घरचेच. दुसरा हौदावर मेंढरांना पाणी पाजायला आलेला दगडोबा. त्याला तिनं हाताला धरून आणून बसवलं. ही दोन माणसं चार वर्षांत एकमेकांशी बोललेली नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कालवा आटला म्हणून दगडोबा मुकाट आला होता, आणि तातेरावांनी मुकाट मोटार चालू केली होती.

"आजोबा, तुम्ही एल्फ. रानातले उंच, देखणे लोक. सातशे वर्षं जगतात, नजर फार लांबवर जाते. आणि दगडोबाआजोबा, तुम्ही ड्वार्फ. बुटके, दाढीवाले, डोंगराच्या पोटात राहणारे."

दगडोबा मिशीत हसला. "तुह्या आज्याला इचार, उभा राह्यला तं त्याची टोपी माह्या खांद्याला तरी लागती का? अन् बुटका म्या?"

तातेराव चादरीच्या काठाकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, सातशे वर्सं जगून करू काय? तवर बोलायला ऱ्हाईल कोण?"

राजनंदिनी खूश झाली. "एकदम बरोबर खेळताय. एल्फ आणि ड्वार्फ एकमेकांशी सरळ बोलतच नाहीत. जुनं वैर असतं त्यांचं."

"काहून?" दगडोबानं विचारलं.

"पुस्तकात नाही लिहिलेलं. असतंच."

हौदापाशी एक मेंढी खोकली.

तातेरावांना कारण ठाऊक होतं. चार वर्षांमागे त्यांच्या हरभऱ्यात जनावरं शिरली, घाटे खाऊन रान तुडवून गेली. पारावर माणसं जमली. कुणीतरी विचारलं, दगडोबाची मेंढरं तुमी डोळ्यानं बघितली का? आणि रागाच्या भरात तातेराव म्हणाले, बघितली. त्या एका शब्दानं दगडोबाला शिवार बंद झालं. उन्हाळ्यात तातेरावांच्या ज्या वावरात त्याची मेंढरं बसायची, लेंड्यांनी माती काळी मऊ करून जायची, ते वावर तेव्हापासून रिकामंच पडू लागलं. पुढच्याच आठवड्यात पहाटे तातेरावांनी त्याच हरभऱ्यात पाच रोही, रानातल्या नीलगायी, चरताना पाहिले. हाकललेही. पण घरी येऊन ते कुणाशी काही बोलले नाहीत. आज बोलू, उद्या बोलू, करता करता चार सुग्या निघून गेल्या.

खेळ पुढे सरकला. रान लागलं, खिंड लागली. प्रत्येक वळणावर दगडोबा आधी विचारायचा, पाणी कुठं हाय, मागं कोण ऱ्हायलंय का. तातेराव ऐकत होते. लहानपणी दोघं मेंढरांमागं हिंडायचे, तेव्हाही तो चार पावलं गेला की मागं वळून बघायचा.

मग पूल तुटला.

"एल्फ खाली लोंबकळतोय," राजनंदिनीनं सांगितलं. "दोर ड्वार्फच्या हातात आहे. बारा किंवा जास्त पडले तर एल्फ वर. कमी पडले तर गेला. खेळात मी दयामाया करत नाही."

दगडोबानं दोन्ही तळव्यांत फासा घोळवला, घोळवतच राहिला, आणि सोडला. फासा चादरीवरून गडगडत गेला. तेवढ्यात कळपातल्या एका शेळीनं वहीतलं सुटं पान तोंडात धरलं आणि राजनंदिनी तिच्यामागं पळाली.

फासा थांबला. वर तीनचा आकडा होता.

दगडोबानं तो पाहिला. हौदाकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मग माशी झटकावी तसा अंगठा लावून त्यानं फासा हळूच कलता केला.

राजनंदिनी अर्धं पान घेऊन परत आली. "डोंगरच खाल्ला मेलीनं. किती पडले?"

"सतरा," दगडोबा म्हणाला.

"खरंच?" ती तातेरावांकडे वळली. "आजोबा, तुम्ही डोळ्यांनी बघितलं?"

तातेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घडीवरून एकदा बोट फिरवलं.

"बघितलं," ते म्हणाले.

आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. "दगडोबा, हरभऱ्यात रोही होते. तुही मेंढरं न्हवती. म्या तं त्या दिशी गावातच न्हवतो. वसमतला गेल्तो."

राजनंदिनी वहीची पानं उलटू लागली. "रोही कुठून आले? या रानात रोही नाहीयेत, आजोबा."

"हायत," दगडोबा शांतपणे म्हणाला. "मला म्हाईत हाय. तू लिहून घे, पोरी."

ती लिहून घेऊ लागली. दगडोबानं फासा उचलला, धोतराला पुसला आणि तातेरावांच्या तळहातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

"आता तुही पाळी, तातेराव. टाक," तो म्हणाला. "अन् मेंढरं कोन्या वावरात बसवू, ते बी सांग."