मोटारीवरचा हात

"उणे एकशे सत्तावीस," राजनंदिनीनं मोबाईलवर वाचलं.

"काय ते?"

"टेंपरेचर, मामा. आपल्या दुकानाचं."

आकारामअण्णांनी वर पत्र्याकडं बघितलं. एप्रिलची दुपार. गडमुडशिंगी गावातल्या त्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात नुसता पापड ठेवला असता तरी भाजून निघाला असता. "हिमालयात तरी एवढी थंडी आसती व्हय गं?" ते म्हणाले आणि सासरा-सून दोघंही हसत सुटले.

टेबलावर काडेपेटीएवढा वायफायचा बोर्ड होता आणि पोलादी टोकाचा एक सेन्सर. त्याच्या शेपटीला तीन तारा, लाल, पिवळी आणि काळी. हे सगळं अण्णांनी स्वतः शाहूपुरीच्या बाजारात जाऊन आणलं होतं. "जमाना बदलला, शिकाय पायजे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. सुनेनं लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. दीड वर्षं तो कपाटात साड्यांखाली पडून होता. सासऱ्यानं "एवढं जोडून दे" म्हटल्यावर ती मळती कणीक तशीच टाकून उठली होती.

खरं कारण मात्र अण्णांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग बांधणारा हा माणूस. मोटारीवर नुसता तळहात ठेवला की तिच्या पोटातलं दुखणं सांगायचा. ग्रामपंचायतीशेजारच्या पंपघरात रोज सकाळी सात वाजता जायचं, चालत्या मोटारीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "गार हाय, चालू द्या." मगच पंचायतीचा पाणीवाला ज्ञानू गावात पाणी सोडायचा. याचा ठराव नव्हता की पगार नव्हता, पण वीस वर्षं गावाचं पाणी अण्णांच्या हाताच्या भरवशावर होतं. तोच हात साखरेच्या आजारानं खाल्ला. आधी पायातली चप्पल कधी निसटली ते कळेना. दिवाळीनंतर हाताच्या बोटांची जाणीव गेली, मग तळव्याची. दिसायला हात होता तसाच होता, म्हणून कुणाला कळलं नाही, आणि अण्णांनी कळू दिलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी हात ठेवला, "गार हाय" म्हणाले, आणि तासाभरात मोटार जळाली. चार दिवस टँकर. सगळं गाव ज्ञानूवर तुटून पडलं. मोबाईल बघत बसला, मोटार पाण्याविना कोरडी फिरवली, काय काय बोलले लोक. टँकरजवळ बायकांनी त्याचा उद्धार केला तेव्हा अण्णा दहा पावलांवर उभे होते. खरं काय ते न सांगता त्यांनी आपली घागर भरून घेतली. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"सेन्सर नीट जोडला न्हाय की असाच आकडा येतोय, मामा. ह्याला एक रेझिस्टर लागतोय. तांदळाएवढा असतोय. माझ्या पेटीत बघून येतो," म्हणत राजनंदिनी घरात गेली.

आता गप्प बसून राहिला तर तो मोटारवाला कसला! मोटार उलटी फिरायला लागली की दोन तारांची अदलाबदल करायची, की ती सुलटी फिरते. हा अण्णांचा चाळीस वर्षांचा मंत्र. इथंही आकडा उलटाच होता की, उणे! त्यांनी लाल तार काळीच्या जागी लावली, काळी लालच्या जागी. मग ऊब मिळावी म्हणून सेन्सरचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि खुशीत बसून राहिले.

राजनंदिनी आली. "द्या बघू," म्हणत तिनं त्यांच्या मुठीतून सेन्सर ओढला आणि किंचाळून खाली टाकला. "आई गं! भाजतंय की!"

तारा उलट्या लागल्यानं तो तापला होता; तिनं आधी बोर्डाची पिन काढली. मग तिची नजर सासऱ्याच्या मुठीवर गेली.

"मामा, हात दाखवा."

तळव्याच्या मधोमध लालभडक फोड आला होता. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसे अण्णाही त्याच्याकडं बघत राहिले.

"तुमाला कळलं न्हाय?"

थाप मारायला जागाच उरली नव्हती. "न्हाय," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं कळत न्हाय."

तिनं त्यांच्या हातावर माठातलं पाणी धरलं. त्या धारेखाली अण्णांनी फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगितलं. राजनंदिनीनं हाताला पट्टी बांधली, तारा नीट केल्या, रेझिस्टर बसवला आणि मोबाईल त्यांच्यापुढं धरला. अडतीस.

"सेन्सर चटका खाऊन बी शाबूत हाय," ती म्हणाली. "आता सांगा, मोटार किती तापली की मोबाईलवर घंटी वाजवायची?"

"हात ठिवून मी पाच आकडे मोजायचो. पाचाच्या आत हात उचलाय लागला, की मोटार बंद."

मग संध्याकाळी स्वयंपाकघरात तांब्याभर कढत पाणी आलं. सेन्सर तांब्याला चिकटवला. राजनंदिनी त्यावर तळहात ठेवायची, अण्णा आकडे मोजायचे. सुरुवातीला ती एकालाच हात उचलायची. पाणी निवत गेलं तशी तीनापर्यंत, चारापर्यंत पोचली. पाच आकडे पुरे झाले तेव्हा मोबाईलवर एकसष्ट होतं.

"हितं लाव," अण्णा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांचा हात जे ओळखत होता त्याचा आकडा त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. बरं वाटलं त्यांना, अगदी खरं बरं वाटलं.

सकाळी सातला दोघं पंपघरात गेली. मोटार चालू होती.

"अण्णा, लावा की हात. उशीर हुतोय," ज्ञानू म्हणाला.

अण्णांनी पट्टीचा हात पुढं केला. "ज्ञानू, ह्या हाताला कायबी कळत न्हाय. फेब्रुवारीत मोटार तुज्यामुळं जळाली न्हाय. माज्यामुळं जळाली. शिव्या तू खाल्ल्यास आन् मी गप हुबारलो. आज चौकात समद्यांम्होरं सांगणार हाय."

"माजी आई लाजंनं आठ दिस घरातनं भाईर पडली न्हाय, अण्णा," ज्ञानू म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

अण्णांनी मान खाली घातली. राजनंदिनीनं सेन्सर मोटारीच्या अंगाला चिकटवला, पंचायतीच्या वायफायला जोडला आणि आकडा वाचला. "एकावन्न." "गार हाय, चालू द्या" हे रोजचं वाक्य आता अण्णांचं राहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं दारात ज्ञानू उभा राहिला. त्यानं खिशातला मोबाईल काढून राजनंदिनीसमोर धरला. "वैनी, माज्या बी फोनवर घंटी वाजू दे."

मग अण्णांकडं न बघताच त्यानं विचारलं, "आन् मोटारीचं बेरिंग कसं वाजतंय? कान तरी शाबूत हाईत न्हवं?"

अण्णांनी डोळे मिटले. मोटारीजवळ वाकून कान दिला. चांगला मिनिटभर ऐकलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "चालू दे."

ज्ञानूनं कोपऱ्यातली व्हॉल्व्हची लोखंडी चावी उचलली आणि तो पाणी सोडायला गेला.