मांड्यांचा हात

ताईबाईंच्या पुरणाच्या मांड्यांना शिंदखेड्यात तोड नाही, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर गेली चार वर्षं तो हात त्यांच्या सुनेचा होता. पुरण भरलेला उंडा कोकिळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. ऑर्डरी घ्यायच्या ताईबाईंनी, आणि कौतुकही त्यांनीच.

दीड वर्षापूर्वी कोकिळाच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. अंगठा आणि शेजारची दोन. झिणझिण्या आल्या की ती हात झटकत बसायची.

"काम कर ना, शीर मोकळी व्हई जाई," ताईबाई म्हणायच्या.

त्यांच्या सासूनं त्यांना हेच सांगितलं होतं, आणि सासूचं शहाणपण आपल्याकडे तपासून कोण बघतो? हात चालता राहावा म्हणून त्यांनी उलट ऑर्डरी वाढवल्या. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावच्या लेकी माहेरी येऊन झोके घेत होत्या, पण कोकिळाला काही त्यांनी माहेरी धाडलं नाही. त्या दिवशी तिच्या हातून एक मांडा फाटून पडला. "नाचता येईना, अंगण वाकडं!" ताईबाई चार बायकांसमोर बोलल्या. बायका हसल्या. कोकिळाही हसली.

आणि एक दिवस तिचं बोट तापल्या खापराला टेकलं. कातडी जळाल्याचा वास ताईबाईंना आला. कोकिळाला बोट भाजल्याचं कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांनी तिला धुळ्याला आणलं.

डॉक्टर अर्शींनी तिला मनगटं वाकवून धरायला लावली. मिनिटभरात बोटांना मुंग्या आल्या.

"मनगटात अरुंद बोळासारखी जागा असते. तिथे बोटांकडे जाणारी नस दबलीय. किती दिवसांपासून होतंय?"

"दोन महिने," कोकिळा म्हणाली. सासूची अब्रू राखत होती ती. आणि खोटं कशाला बोला, ताईबाईंना क्षणभर बरंच वाटलं.

"दोनच महिने असतील तर रात्री पट्टा बांधू, मळणं-थापणं बंद ठेवू." अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपता चाचपता डॉक्टर थांबल्या. "पण मग दोन महिन्यांत हे एवढं कसं झिजलं?"

कोकिळानं हात पदराखाली ओढून घेतला. आता आपण गप्प बसलो तर हिच्या हातावर चुकीचा इलाज होणार, हे ताईबाईंना लख्ख कळलं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"दोन महिना नही, डॉक्टर. दीड वरीस व्हई गयं. ती सांगे, मीच ऐकं नही. बठ्ठी मन्ही चूक शे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग नुसत्या पट्ट्यावर भागायचं नाही. नसांची तपासणी करू. बहुतेक छोटं ऑपरेशन लागेल. झिणझिण्या थांबतील, पण ताकद किती परत येईल ते आत्ताच सांगता येत नाही."

आता सून काय बोलते म्हणून ताईबाई मान खाली घालून बसल्या. शिव्या दिल्या तरी त्या ऐकणार होत्या.

कोकिळानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे मला खरंच होत होतं ना, डॉक्टर?" ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मीच आळशी आहे."