मयत, बिनवारस

"नक्कल घेऊन जा ताई, पण एक ऐका," तालुक्याच्या दप्तरखान्यातले कोंडाजी म्हणाले होते. "कागदावर मेलेल्या माणसाला उठवायचं असेल, तर आधी त्यालाच विचारावं. बाबा रे, उठायचंय का तुला?"

लता हसली होती. म्हाताऱ्याला जुन्या कागदांत बसून बसून बोलायची हौस आली असेल, असं तिला वाटलं. तिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. नाशिकची एसटी दीड वाजता सुटायची आणि घरी आठ महिन्यांची छकुली सासूबाईंच्या मांडीवर होती. सकाळी तिचं अंग जरा कोमट लागलं होतं. लताने नकलेवरचा शिक्का वाळलाय का ते बोटाने पाहिलं, कागद पर्समध्ये घातला आणि निघाली.

पंच्याऐंशीचा फेब्रुवारी. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. नाशिकच्या एका साप्ताहिकात लता 'आपला उमेदवार' नावाचं सदर लिहीत होती. राज्यशास्त्रात बी.ए. झालेली, लग्नानंतर घरात बसलेली. हे काम मिळालं तेव्हा तिने स्वतःशी एक नेम केला होता. ऐकीव काही छापायचं नाही. शिक्क्याची नक्कल असेल तेवढंच लिहायचं. संपादक खूश होते. म्हणायचे, "बाई, तुमच्या मजकुराला वकीलसुद्धा हात लावायचा नाही."

या आठवड्याचा उमेदवार होता वडाच्या वाडीचा गोरक्ष. सगळा तालुका त्याला नाना म्हणायचा. लासलगावच्या बाजारात ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरपाशी थांबून विचारपूस करणारा, पंचेचाळिशीचा, सरळ वाटणारा माणूस. त्याच्या जमिनीचा फेरफार बाहत्तर सालचा. बाप वारला तेव्हाची नोंद. वारस मुलगा गोरक्ष. आणि खाली एक ओळ: मुलगी चंद्रभागा, तीन वर्षांपूर्वी मयत, बिनवारस.

लताला खटकलं ते एवढंच, की मृत्यूच्या रजिस्टरात चंद्रभागा नव्हती. एकोणसत्तर साल पाहिलं, अडुसष्ट पाहिलं, सत्तर पाहिलं. बाई मेली, पण मेल्याची नोंद नाही.

दोन दिवसांनी ती वाडीत गेली, तेव्हा साळूबाई नावाची एक म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. लताने विचारलं तशी ती फिसकन हसली.

"मेली कसली! सावळीरामासंग गेली. बौद्धवाड्यातला पोरगा. तिकडं एकलहऱ्याला विजेचं काम निघालं व्हतं, तिथं लागला. हिच्या बापानं तिच्या नावानं आंघोळ केली, साऱ्या भावकीनं केली. आता आंघोळ केल्यावर मेलीच की गं बाई. लिवणारानं तसंच लिवलं."

नाशिकला परतल्यावर लताने एकलहऱ्याची मतदार यादी काढली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. चंद्रभागा सावळीराम, वय अडतीस, पुढे घराचा क्रमांक. इतकी मोठी गोष्ट आजवर तिच्या हाती लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा सासूबाईंनी छकुलीला तिच्या हातात ठेवलं. "लोकांच्या बहिणी शोधत हिंड खुशाल. पण आपली लेक आपल्या कडेवर घेऊन हिंड."

एकलहऱ्याच्या वस्तीत वीज केंद्राच्या चिमणीची राख बारीक पिठासारखी सगळ्यावर बसलेली. लता दर दहा पावलांवर छकुलीचं तोंड पदराने पुसत होती. चंद्रभागेची खोली पत्र्याची, पण आत सारवलेली, लख्ख. सावळीराम तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला होता. मूलबाळ नाही. कॉलनीत चार घरची भांडी करून ती राहत होती.

"मतदार यादी तपासतेय," लता म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"तपासा की. आधी हिला द्या इकडं." छकुलीला घेऊन चंद्रभागेने मांडीवर बसवलं. परक्या माणसाला पाहून किंचाळणारी छकुली तिच्या गळ्यातले मणी ओढत गप्प बसली. "किती कोमट लागतंय अंग. दात येत्यात. घाबरू नका."

शेजारची शकुबाई चहा घेऊन आली. "ताई, हिच्या ट्रंकेत कापडाचं दुकान हाय, बघितलं का? नेसत नाय, नुसती घड्या मोडती अन् घालती."

"गप गं," चंद्रभागा म्हणाली, पण उठून ट्रंक उघडलीच. पातळं होती, एकावर एक. "सोळा हायत. दर भाऊबीजेला एक. भाऊ आणतो. इथं नाय येत. नाशिकरोडच्या स्टेशनात, फलाटाच्या शेवटच्या बाकावर. पदराखाली ताट नेती मी. वारा लय असतो, निरांजन इझतं. मग तसंच ववाळती."

"लोक बघत नाहीत?"

"बघत्यात. त्यांना वाटतं, गाडीनं जाणारा भाऊ आसंल. घर सुटलं ताई. भाऊ नाय सुटला."

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझं नाव यादीत ऱ्हाऊ द्या. पण भावाचं कुटं लिवू नका हां."

"यादीत भावाचा रकानाच नसतो," लता म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

घरी येऊन तिने लिहिलं. फेरफाराचा क्रमांक, मृत्यू रजिस्टरात नसलेली नोंद, मतदार यादीतलं नाव, आणि कुणी शंका घेऊ नये म्हणून घराचा क्रमांक. पातळांचं लिहायला तिने पेन टेकवलं होतं. पण पातळांना नक्कल नव्हती. फलाटावरच्या ओवाळण्यावर कुणाचा शिक्का नव्हता. तिचा नेम होता, आणि ती तो पाळत होती. पाळण्यातली छकुली रडली, तशी लता उठली. परत येऊन बसली तेव्हा ते वाक्य राहून गेलं होतं.

'उमेदवाराची मयत बहीण जिवंत!' संपादकांनी मथळा दिला. अंक दोनदा छापावा लागला. तिसऱ्या दिवशी समोरच्या उमेदवाराची पत्रकं गावोगाव गेली. लताचा मजकूर शब्दन् शब्द, घराच्या क्रमांकासकट. रिक्षावरचा कर्णा तिच्याच घरावरून तिचीच वाक्यं ओरडत गेला. लताला आधी अभिमान वाटला. मग तिने उगाचच खिडकी लावून घेतली.

गोरक्षनाना थोडक्या मतांनी पडला.

निकालानंतर आठ दिवसांनी लता एकलहऱ्याला गेली. खोलीला कुलूप. शकुबाईने या वेळी चहा विचारला नाही.

"मतांच्या आधी त्या समोरच्या उमेदवाराची जीप आली व्हती," ती म्हणाली. "लय गोड बोलले. ताई, तुमचा हक्क मिळवून देतो म्हने. ती नको नको म्हनत व्हती. नेलीच. वाडीत सभेच्या मांडवात उभी केली, सगळ्या गावाम्होरं. तिची सख्खी चुलती म्होरंच बसलेली. ती उठली, अन् सगळ्यांदेखत विहिरीवर गेली. आंघोळीला. पुन्यांदा."

लताने छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"परत आली ती भाकर खाईना. दोन दिसांनी भावकीतली मानसं आली नंबर इचारत. नंबर छापलेलाच व्हता त्यांच्यापाशी. म्या त्यांना दारातच बोलण्यात धरलं, तवर ती मागनं गेली. ट्रंक बी नाय नेली. इथंच हाय माझ्यापाशी." शकुबाईने लताच्या कडेवरच्या छकुलीकडे पाहिलं. "मांडीवर घेतली व्हती तिनं हिला."

त्यानंतर लता बरंच फिरली. कारखान्यांच्या वस्त्या, इगतपुरीची रेल्वेची चाळ, दवाखान्यांच्या नोंदवह्या. हॉस्पिटलच्या रजिस्टरात नाव नसलं की सुटल्यासारखं वाटायचं. पण नाव नसणं म्हणजे जिवंत असणं नव्हे, हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर गोरक्षनाना. एकटा, बगलेत कागदात गुंडाळलेलं पातळ. धोतर फलाटावरच्या धुळीने मळलेलं.

सासूबाईंनी छकुलीला उचलून आतच नेलं. त्याच्या ते लक्षात आलं. तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला.

"भांडायला नाही आलो. सकाळच्या पॅसेंजरपासून बाकावर बसलो होतो. ती नाही आली. म्हटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हीच शोधली होती ना एकदा."

"मला नाही सापडली नाना. मीही शोधतेय."

तो पातळाची सुतळी ओढत राहिला.

"तेव्हा भावकी तिच्या मागावर होती. कोयते घेऊन. बाप गेला, तलाठ्याने वारस विचारले. मी म्हटलं, मेली. पुन्हा म्हटलं, मेली, लिहा. मेलेल्या बाईला कुणी शोधत नाही, ताई. तेरा वर्षं कुणी शोधली नाही." मग मान वर न करता म्हणाला, "जमीन मलाच मिळाली, हेही खरं आहे. ते तुम्ही बरोबर लिहिलंत."

"पातळांचं नाही लिहिलं मी."

"ते तिने सांगितलं तुम्हाला?" पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला. "मग बरं वाटलं असेल तिला. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं."

पातळ त्याने उंबऱ्यावर ठेवलं. "सापडली तर द्या. नाही सापडली तर..." तो वळला आणि चालू लागला.

त्या आठवड्यात लताने एक मजकूर लिहून संपादकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "बाई, याला पुरावा काय? नाव नाही, गाव नाही."

"पुरावा नाही. नावही देणार नाही. पण छापा."

मजकूर असा होता:

'गेल्या मार्चनंतर तुमच्या आळीत, चाळीत, वस्तीत एक बाई एकटी राहायला आली असेल. वय चाळिशीच्या आतबाहेर. भांडी घासायला जात असेल. गावचं नाव विचारलं की गप्प होत असेल, पण तुमचं तान्हं लेकरू मात्र आपणहून मांडीवर घेत असेल. तिला नाव विचारू नका. आमच्याकडे पत्ता पाठवू नका. कुणाकडेच पाठवू नका. तिच्यावर मजकूर लिहिणारीने तिला न विचारता लिहिलं, आणि तिच्या भावाने सोळा पातळं दिली होती ते लिहिलं नाही. एवढंच करा. संध्याकाळी तिच्या दाराशी जा. जेवली का, ते बघा. अंग गरम आहे का, हात लावून बघा. आणि उद्या पुन्हा जा.'