केझायाच्या बागेतली गरम माती

सतराव्या शतकात, अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या एका गावात वर्षातला पहिला बर्फ पडला आणि अख्खं गाव केझायाच्या सफरचंदाच्या बागेत लोटलं. सगळीकडे पांढरंशुभ्र, एका झाडाखाली मात्र काळी माती उघडी आणि तिच्यातून वाफ निघतेय!

"नरकाचं धुराडं आहे हे!" चेटकिणी शोधत गावोगाव हिंडणारा झेबुलन गरजला. त्याने मातीत काठी खुपसली आणि काढून कोतवालाच्या गालाला लावली. "लागतेय ना गरम? खाली सैतान चूल फुंकतोय. खणा! आणि पोरीला धरा, आईचाच वसा चालवतेय!"

केझायाच्या आईला, मेहिटेबलला, महिन्यापूर्वीच चेटकीण ठरवून फाशी दिलं होतं. अशांना दफनभूमीत जागा नसते; फासाजवळच्या खड्ड्यात लोटून देतात. केझायाने प्रेत गुपचूप आणून इथे पुरलं होतं. लांडग्यांना वास लागू नये म्हणून वर घोड्याच्या लिदीचा थर देऊन माती ओढली होती. आता खणलं की आईची विटंबना, आणि हिच्याही गळ्यात दोर.

"झाडाला खत घातलंय मी," ती कशीबशी म्हणाली.

"खत म्हणे!" झेबुलन खिदळला. "मग खण रे कोतवाला, बघू सैतानाचं खत!"

"मी बघतो," म्हणत म्हातारे डॉक्टर एल्काना पुढे झाले. फावडं वीतभर आत गेलं. केझायाने डोळे गच्च मिटले.

"लीद आहे," डॉक्टर म्हणाले. "कुजताना तापते ती. कोतवाल, तुमच्या तबेल्यामागचा उकिरडा बघा जरा."

कुंपणापलीकडे उकिरड्यावरही बर्फ टिकला नव्हता. तोही वाफाळत होता.

"काय झेबुलन, कोतवालाकडेही सैतानाची चूल का रे?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. झेबुलन टोपी सावरत सटकला. डॉक्टरांनी केझायाकडे एकवार पाहिलं आणि स्वतःच माती परत लोटली.

"भीती कुणालाही वाटते," ते म्हणाले, "पण दोर हातात घ्यायच्या आधी कारण शोधत जा!"

केझाया शेजारणीसमोर जाऊन उभी राहिली. "प्रूडन्सकाकू, माझ्या आईने नजर लावली म्हणून तुमचं लोणी निघालं नाही, अशी साक्ष दिलीत तुम्ही. साय फार गार असली की लोणी निघतच नाही. घुसळताना ती किती गार होती, ते पाहिलं होतंत?"

हसणं थांबलं. प्रूडन्सने मान खाली घातली.

"बोटं बधिर होत होती गं," ती म्हणाली.