ताईचं ऐच्छिक पॅकेज

शिवणाच्या दुकानातला कॉम्प्युटर धाकटीनं हौसेनं अपडेट केला आणि ताईचं अ‍ॅप गायब झालं. मापं टाकली की कापायचे आकार आखून देणारं ते अ‍ॅप. ताईचा सगळा धंदा त्याच्यावर.

"तूच घालवलंस, तूच आण," ताई फोनवर म्हणाली. "गिऱ्हाईक दारात आणि मी खडू घेऊन बसलेय."

त्या कॉम्प्युटरवरच्या खुल्या, फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी धाकटी फावल्या वेळात बिनपगारी राबायची. काही अ‍ॅप्स सिस्टिमबरोबरच मिळत. बाकीची ऐच्छिक, हवी त्यानं उतरवून घ्यायची. ती उतरवून चालवता येतील अशी त्यांची पॅकेजेस बांधणाऱ्या गटात धाकटी होती. ताईच्या अ‍ॅपला वाली उरला नव्हता, म्हणून नव्या आवृत्तीतून ते वगळलं होतं.

रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. जुना कोड नव्या सिस्टिमवर चालेचना. एक चूक निस्तरावी, तर दोन नव्या दत्त म्हणून उभ्या. दुपारी कसंबसं पॅकेज बांधून झालं. 'सांभाळणार कोण' या रकान्यात तिनं स्वतःचं नाव घातलं. हे लचांड आता कायमचं गळ्यात! तरी तिनं ते तपासणीला पाठवलं.

तपासणाऱ्या गृहस्थांना गटात सगळे 'स्वल्पविराम' म्हणत. त्यांचं उत्तर लगेच आलं. "वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नको."

तिनं काढला.

"वर्णनात अ‍ॅपचं नाव पुन्हा नको."

तेही काढलं.

"अ‍ॅपच्या चिन्हातलं कात्रीचं चित्र कुणाचं? वापराच्या परवान्यात उल्लेख नाही."

"हे सगळं एकदम सांगता आलं नसतं का?" तिनं लिहिलं.

"जसं दिसतं तसं सांगतो."

तिनं लॅपटॉप असा आपटून मिटला की शेजारी पेपर वाचणारा नवरा दचकला.

"अगं, फुटेल तो!"

"फुटू दे! फुकट राबायचं आणि वर यांचे पूर्णविराम वेचायचे!"

"मग सोडून दे."

"ताईला तू सांगतोस?"

नवऱ्यानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

अ‍ॅप लिहिणाऱ्या मूळ माणसाला तिनं विचारलं. त्यानं कधीच हात झटकले होते. चित्र कुठून उचललं, तेही त्याला आठवत नव्हतं. मग तिनं स्वतःच कात्री काढून पाहिली. ती कोळ्यासारखी दिसायला लागली. शेवटी धाकटी ताईच्या दुकानात गेली.

"ताई, एक कात्री काढून दे."

ताईनं खणातली कात्री तिच्या हातात ठेवली.

"चित्र गं, चित्र!"

ताईनं कापडाच्या चिंधीवर खडूनं झरझर कात्री काढली. धाकटीनं फोटो घेतला, घासूनपुसून पाठवला.

"चित्रकाराची लेखी संमती?" स्वल्पविरामांनी विचारलं.

आता मात्र ताईनंच कीबोर्ड ओढला. "कात्री माझी, चित्र माझं, बहीण माझी. घ्या आणि तिला सोडा."

मग एकच शब्द आला : "मंजूर."

दुसऱ्या दिवशी ऐच्छिक अ‍ॅप्सच्या यादीत ते दिसू लागलं. ताईनं उतरवून घेतलं, मापं टाकली. पडद्यावर कोटाची बाही उमटली. धाकटी शाबासकीच्या आशेनं मागं उभी राहिली.

ताई डोळे बारीक करून पाहत होती. "अक्षरं जरा मोठी होतील का गं?"

धाकटीनं कपाळावर हात मारला. मग स्टूल पुढं ओढलं.

"सरक."